खऱ्याचा शिक्का आणि शेवटची दोन पानं

'गजालीन घो खाल्लो', म्हणजे गप्पांनी नवरा खाल्ला, हे आम्ही मालवणात थट्टेत म्हणतो. अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' हे खऱ्या खुनांवरचं पुस्तक वाचताना मात्र ते काही थट्टेसारखं वाटेना.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं होलकोम्ब नावाचं खेडं, नोव्हेंबर १९५९. क्लटर हा तिथला सधन शेतकरी. त्याच्याकडे पूर्वी राबलेला एक गडी पुढे तुरुंगात गेला आणि तिथे कोठडीतल्या सोबत्याला सांगून बसला की मालकाच्या घरात तिजोरी आहे, दहा हजार डॉलर तरी असतील. तिजोरी नव्हतीच, क्लटरचे व्यवहार चेकने चालायचे. सुटून आलेला सोबती जोडीदाराला घेऊन रात्री त्या घरात शिरला. आईबाप, मुलगा, मुलगी, चौघांचा जीव घेतला आणि मिळाले चाळीस-पन्नास डॉलर. 'तेंच्या माळ्यार सोन्याचो हंडो आसा' असल्या गजाली आपल्याकडे काय कमी आहेत?

या पुस्तकातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तळघराची जमीन गार म्हणून मारेकऱ्याने क्लटरला गादीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर आडवं केलं. पोराच्या डोक्याखाली उशी सरकवली. आणि मग दोघांना मारलं. ते खोकं, ती उशी पोलिसांनाही तिथे दिसली होती. कुठल्या कादंबरीकाराला हे सुचलं असतं?

म्हणूनच शेवटाचा राग येतो. फाशीची शिक्षा झालेल्या मारेकऱ्यांची अपिलं निकालात निघेपर्यंत कपोटी पुस्तक संपवायचं वर्षानुवर्षं थांबला. एप्रिल १९६५ मध्ये दोघे मारेकरी फासावर गेले. खरा शेवट हातात आला, तर कपोटीला तो पुरेना! मग तपास अधिकारी ड्यूई कबरस्तानात जातो, तिथे मेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, चार गोड शब्द होतात, असा प्रसंग त्याने रचला. असं काही घडलंच नाही, हे खुद्द ड्यूईने सांगितलं. पुस्तकावर मात्र 'सत्य वृत्तांत' असं छापलेलं. मुलाखतीत नोट्स घ्यायच्या नाहीत, टेपरेकॉर्डर लावायचा नाही, नंतर आठवून लिहायचं, ही कपोटीची पद्धत. तेव्हा इतर संवादांचं काय, हा प्रश्न राहतोच.

कल्पनेला माझा आक्षेप नाही हो. दशावतारात संवाद रंगमंचावरच रचले जातात, आणि रात्रीचा राजा सकाळी डोक्यावर बोजा घेणार हे समोरच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे कुणी कुणाला फसवत नाही. इथे क्लटरच्या थोरल्या दोन मुली बाहेर राहत होत्या म्हणून वाचल्या. आपल्या आईबापाच्या मरणातलं खरं किती आणि लेखकाच्या पदरचं किती, हे त्यांनी कुणाला विचारायचं?

कव्हरवर नुसतं 'कादंबरी' छापलं असतं तर माझी तक्रार नव्हती. अंगावर येतं, तरी वाचाच. प्रत माझ्याकडे आहे, मालवणातल्या कुणीही न्यावी. पावसात भिजवून आणलीत तर मात्र पुढचं पुस्तक मिळणार नाही.