‘आपोआप’ हा शब्द मागे घेते

वजन आणि पाळी यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण बरीचशी रास्त आहे. म्हणून नुसते आभार मानून मोकळी होत नाही. तुमचे आक्षेप दोन. एक, ‘वजन उतरवा, पाळी आपोआप येईल’ हे माझं वाक्य म्हणजे विज्ञानाचा मुलामा दिलेला टोमणाच. दोन, 86 किलोच्या तुमच्या बहिणीला दोन मुलं विनासायास झाली आणि 44 किलोच्या मैत्रिणीची पाळी वर्षभर गायब आहे. तेव्हा वजनाचा काही संबंध नाही.

पहिला मान्य. दुसरा नाही. उलट तुमची मैत्रीण माझ्याच बाजूची साक्षीदार आहे.

स्त्रीबीज पिकवून सोडायचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून साधारण तास-दीड तासाने हार्मोनचा एकेक ठोका पडतो, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच हे हार्मोन सोडते, मग अंडाशय कामाला लागतं. ऊर्जा कमी पडली की हे ठोके विरळ होतात. अ‍ॅन लाउक्स या संशोधिकेच्या 2003 सालच्या प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या तरुणींचं खाणं आणि व्यायाम काटेकोर मोजला होता. व्यायामाचा खर्च वजा जाता उरणारी ऊर्जा, चरबी सोडून बाकीच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलरींच्या खाली गेली, आणि पाच दिवसांत एलएचची लय बिघडली. पाच दिवसांत कोणी हडकुळी होत नाही! मेंदू वजनकाटा बघत नाही, जमाखर्च बघतो.

हे मी भोगलंय. पळायला लागले तेव्हा नऊ किलो उतरले आणि सात महिने पाळी आली नाही. ‘छान बारीक झालीस’ असं सगळे म्हणत होते, ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरसुद्धा. पळणं निम्म्यावर आणलं, खाणं वाढवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मूळ लेखात हे लिहिलं नाही, ही चूक माझी.

आता दुसरं टोक. चरबी, विशेषतः पोटातली, वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि रक्तात इन्सुलिन चढतं. ते अंडाशयाला अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त करायला लावतं. बीजपुटिका, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या, वाढू लागतात, पण अर्ध्यावर अडतात. सोनोग्राफीत त्या कडेने ओवलेल्या मण्यांसारख्या दिसतात. पण सगळ्यांचं शरीर इन्सुलिनला सारखा प्रतिसाद देत नाही. तुमच्या बहिणीचं बहुधा उत्तम देत असावं. पीसीओएस, म्हणजे अशा अडलेल्या बीजपुटिकांचा आणि अनियमित पाळीचा विकार, असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या कित्येकींना 5 ते 10 टक्के वजन उतरल्यावर बीज सुटू लागतं. कित्येकींना, सगळ्यांना नाही. ‘आपोआप’ तर नाहीच.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची, जी तुम्हीही मांडली नाहीत. नेदरलँड्समध्ये वंध्यत्वाच्या उपचारांसाठी आलेल्या, वजन जास्त असलेल्या 577 स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला आधी सहा महिने वजन उतरवायला लावलं, दुसऱ्यावर लगेच उपचार सुरू केले. 2016 साली निकाल आला. दिवस पूर्ण भरून नैसर्गिक प्रसूतीने निरोगी बाळ होण्याचं प्रमाण पहिल्या गटात 27.1 टक्के, दुसऱ्यात 35.2. उपचारांशिवाय दिवस राहण्याचं प्रमाण मात्र पहिल्या गटात जास्त होतं. अडतिशीतल्या बाईला ‘आधी वजन उतरवून ये’ म्हणून परत पाठवणं मला म्हणूनच पटत नाही. तिचं वयही मोजायला हवं की.

शेवटी तुम्ही विचारलंय, पाळी येते म्हणजे बीज सुटतंच ना? नाही. बीज न सुटताही रक्तस्राव होतो. बीज सुटलं का हे कळायला प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची, तपासणी असते, पण ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची. 28 दिवसांचं चक्र असेल तरच तो 21वा दिवस. बहिणीचं चक्र 40 दिवसांचं आहे म्हणता, तर तिचा 21व्या दिवसाचा रिपोर्ट कमी आला यावरून काही ठरत नाही. 33व्या दिवसाच्या आसपास पुन्हा करायला सांगा.