हे मेडल माझं नाही

आज दुपारी शाळेतून घरी आले तर ओट्यावर कुरियरचं पाकीट. शेजारच्या वहिनींनी सही करून घेऊन ठेवलेलं. वाटलं, शर्यतीचा टी-शर्ट यायचा राहिला होता, तो आला असेल. कात्रीने फोडलं तर फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मेडल निघालं. चांगलं जड, पितळी रंगाचं, वर डोंगररांग कोरलेली आणि खाली ठसठशीत अक्षरं: १०० किमी फिनिशर.

मी १०० किमी पूर्ण केलेले नाहीत. ७८ केले.

तेव्हापासून डोकं फिरलंय. भाकरी थापताना तेच, पोरांच्या वह्या तपासताना तेच. म्हटलं लिहूनच टाकावं. शर्यतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नका.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅरेथॉन ४२.१९५ किमीची. त्याच्या पुढचं सगळं अल्ट्रा. आणि डांबर सोडून डोंगरातल्या पायवाटेने, नाल्यातून, दगडधोंड्यांतून धावायचं ते ट्रेल. मी २०१५ मध्ये पहाटे म्हसावद रस्त्याला पळायला लागले तेव्हा दोन किमीत धाप लागायची. कापूस वेचायला निघालेल्या बाया थांबून बघायच्या. एक म्हातारी रोज विचारायची, "कसाले पयस वं माय? कोनी मांगे लागनं का?" २०१८ ला पहिली ५० किमीची ट्रेल पूर्ण झाली आणि तेव्हापासून १०० चा ध्यास लागला. २०१९ ला ६१ किमीवर उलट्या थांबेनात, बसले. २०२२ ला ६९ वर गुडघा गेला. आणि यंदा डिसेंबरात ७८.

७८ च्या चेकपोस्टला रात्री २:३० च्या आत पोचायचं होतं, नाहीतर शर्यतीतून बाहेर. यालाच कटऑफ म्हणतात. मी २:३६ ला पोचले.

ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. खिंडीत ताडपत्रीचा आडोसा, बांबूला टांगलेला दिवा. टेबलावर उकडलेले बटाटे, मिठाची वाटी, लिंबाच्या फोडी. आणि एक पोरगा, कॉलेजातला असेल, अंगावर घोंगडी, हातात वही. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, "ताई, सहा मिनिटं झाली." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं? बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, काढून द्यायचा होता, पण सेफ्टी पिना उघडेनात. एवढ्या तासांनी हात सुजतात, बोटं वळत नाहीत. तो समोर गुडघ्यावर बसला, चारही पिना एकेक करून उघडल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. मग वहीत माझ्या नंबरापुढे वेळ लिहिली. लिहिण्याआधी त्याचं पेन क्षणभर थांबलं होतं, ते मला दिसलं. २:२९ लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? खिंडीत मी, तो आणि खुर्चीत पेंगणारे डॉक्टर, बस्स. त्याने २:३६ लिहिलं.

आणि आता शहरातल्या ऑफिसात बसून कुणीतरी त्या वहीवर बोळा फिरवलाय.

हे का झालं तेही सांगते. ५५ च्या पुढे एका फाट्यावर वाट दाखवणाऱ्या रिबिनी नव्हत्या. गुरांनी खाल्ल्या की पोरांनी काढून नेल्या, देव जाणे. बरेच जण चुकले. मीही चुकले, डावीकडे खाली उतरत गेले आणि परत वर येण्यात माझी वीस-पंचवीस मिनिटं गेली. हो, ती आयोजकांची चूक होती. मान्य. ते पंचवीस मिनिटांचं गणित मीही हजार वेळा मांडलंय, रात्री पडल्या पडल्या मांडलंय. पण त्याच फाट्यावर चुकून सुद्धा काही जण वेळेत पोचले ना? आपल्या दोंडाईच्याचा एक भाऊ माझ्याबरोबरच चुकला होता. तो ७८ ला वेळेत पोचला आणि शेवटची वेळ संपायला आठ मिनिटं असताना पूर्ण करून आला. त्याच्या पायाचे फोड मी बघितलेत. त्याच्या घरी जे मेडल आहे तेच आज माझ्या ओट्यावर. कुठल्या तोंडाने ठेवू?

शर्यत झाल्यावर लोकांनी फेसबुकवर बोंब मारली, पैसे परत मागितले, आणि आयोजकांनी सोपा रस्ता काढला. शेवटच्या चेकपोस्टला ज्यांना थांबवलं त्या सगळ्यांना मेडल. तोंडं बंद. आमच्या ग्रुपवर फोटो टाकला तर धडाधड अंगठे आणि फुलं. "अभिनंदन मॅडम, उशिरा का होईना!" "शेवटी मिळालंच!" अरे काय मिळालं? पितळ मिळालं. मला ते शेवटचे २२ किमी हवे होते. तो उजाडतानाचा शेवटचा चढ हवा होता, जो मी चार वर्षांपासून फक्त नकाशावर बघतेय. तो कुरियरने येतो का?

चहा ठेवून आले. जरा निवले. पण मुद्दा सोडणार नाही.

एका मैत्रिणीने फोन करून विचारलं, "तू पोरांना ग्रेस मार्क देत नाहीस का?" देते. नियमात आहेत तेवढे देते, आणि निकालपत्रावर ते ग्रेसचे म्हणून दिसतात. तीस मिळालेल्या पोराला मी पंचाहत्तर लिहून देत नाही. दुसरी म्हणाली, चाळिशी ओलांडलेल्या बाईला आणि पंचविशीच्या पोराला एकच वेळ, हा कुठला न्याय? बरं, हेही थोडं खरं आहे. मग बायकांसाठी, वयासाठी वेळ वाढवायची तर आधी वाढवा, नियमात लिहा. धावून झाल्यावर नका वाढवू.

जगात बघा. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून शर्यत आहे, १९२१ पासूनची, डर्बन आणि पीटरमारिट्झबर्गच्या मध्ये, साधारण नव्वद किमी. तिथे बारा तास पूर्ण होताना एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ का, तर कोण येतंय ते दिसू नये म्हणून. दिसलं की हात थांबेल. बंदूक उडाली की रेषेपासून दोन पावलांवर असलेला माणूसही बाहेर. किती क्रूर वाटतं! पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा मी रडले होते. आता वाटतं, त्या माणसाएवढा मान धावणाऱ्यांना कुणीच देत नसेल. आणि अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स. १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली नावाचा माणूस घोड्यांच्या शंभर मैलांच्या शर्यतीत घोडा न घेता उतरला आणि चोवीस तासांच्या आत पायी पोचला, त्यातून ही शर्यत निघाली. शंभर मैल म्हणजे जवळपास १६१ किमी, वेळ तीस तास. २०१५ मध्ये गनहिल्ड स्वॉन्सन ही ७० वर्षांची बाई २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांत आली. सहा सेकंद उरले होते! मैदानावरची सगळी माणसं ओरडत होती. तीस तासांची रेष पक्की नसती तर त्या सहा सेकंदांना कुणी विचारलं असतं का?

तिचे सहा सेकंद उरले, माझी सहा मिनिटं जास्त झाली. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही तसंच राहिलं पाहिजे.

वडिलांची आठवण येतेय आज. चैत्रात दर वर्षी सप्तशृंगीला पायी जायचे, आपल्याकडचे हजारो लोक जातात तसे. एका वर्षी सटाण्यापर्यंत गेले आणि ताप भरला. बरोबरच्यांनी एस.टी.त बसवून दिलं. आठ दिवसांनी मंडळी गडावरून परत आली, प्रसाद, कुंकू घेऊन घरी आली. म्हणाली, "आप्पा, तुम्ही आलातच असं समजा." आप्पांनी प्रसाद कपाळाला लावला, खाल्ला. पण पुढे कुणी विचारलं की किती वर्षं गडावर पायी गेलात, तर ते एक वर्ष ते कधी मोजायचे नाहीत. अकरा म्हणायचे. बारा कधीच म्हणाले नाहीत.

आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं, हेच मला म्हणायचंय. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते ती साडेपाचशे किमीच्या वर चालून पंढरपूरला पोचते, महिनाभराच्या वर वाट. त्यातला कुणी वारकरी गाडीने जाऊन "चाललो" म्हणेल का? नाही म्हणणार. मग धावण्यात आपण असे का झालो? सहभागाचं प्रमाणपत्र, सहभागाचं मेडल, सहभागाचा फोटो. शाळेत तेच, स्पर्धेत तेच. पोरगं पडलं तर पडू द्या ना! पडल्याचं त्याला कळू द्या. त्याच्या हातातून पडणं सुद्धा काढून घेता तुम्ही.

रागात जास्त लिहिलं. राहू दे.

तोरणमाळच्या घाटातली एक गोष्ट सांगते. सरावासाठी मी रविवारी राणीपूरहून वर चढते. सातपायरीच्या वळणांवर उतरताना मांड्यांची परीक्षा होते, म्हणून मुद्दाम तिथे जाते. पाठीवरच्या पिशवीत पाणी, मीठ-साखर, आणि आईच्या पद्धतीच्या दशम्या, दुधात भिजवलेल्या. धावताना खायच्या बाजारातल्या जेलपेक्षा मला त्याच चालतात. एका रविवारी एक पावरा दादा वरून आला, खांद्यावर गोणी, पायात टायरच्या चपला. माझ्या शेजारून असा सरसर उतरला की मी बघतच राहिले. पाच हजारांचे बूट घालून मी दगडं चाचपत होते. खाली राणीपूरला भेटला. विचारलं, दादा एवढी घाई कसली? म्हणाला, जीप सुटते. आणि उशीर झाला तर? तो माझ्याकडे बघत राहिला, हा काय प्रश्न म्हणून. "मग जीप जाते."

तेव्हापासून मला कटऑफचा राग आलेला नाही.

आणि परत परत मला तो खिंडीतला पोरगाच दिसतोय. बिनपगारी स्वयंसेवक. आदल्या संध्याकाळपासून थंडीत उभा. येणाऱ्या प्रत्येकाला बटाटे दे, पाणी भर, कुणाला धीर दे, आणि उशिरा येणाऱ्याला तोंडावर सांग की बाई, आता थांब. हे सगळ्यात अवघड काम त्याच्या वाट्याला. मला थांबवून झाल्यावर त्याने मला त्याची घोंगडी दिली, स्वतः जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसला. गाडी यायला तास लागला. त्या तासात मी बुटांच्या नाड्या सोडायला वाकू शकत नव्हते तर त्यानेच सोडल्या. एकदा हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही पुढच्या वर्षी या, मी इथेच असेन." मी हो म्हटलं. मेडल पाठवणाऱ्यांनी त्याला विचारलं होतं का? त्याने जे लिहिलं ते खोटं ठरवताना एकदा तरी त्याचा विचार केला होता का? मला वाईट वाटतंय ते याचं. माझं जाऊ द्या.

त्या चार पिना स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी वाटीत आहेत. मुलगा म्हणतो, आई टाक त्या गंजलेल्या. नाही टाकणार. पुढच्या डिसेंबरात बिब त्यांनीच लावणार.

मेडल परत पाकिटात घातलंय. त्याच प्लास्टिकमध्ये, जसं आलं तसं. सोबत वहीचं एक पान फाडून चार ओळी लिहिल्यात: "मला ७८ किमीला रात्री २:३६ वाजता थांबवलं. थांबवणं बरोबर होतं. मेडल परत करत आहे. फाट्यावर पुढच्या वेळी रिबिनींऐवजी चुन्याने खुणा करा, गुरं चुना खात नाहीत. आणि जमलं तर त्या चेकपोस्टच्या वहीतल्या माझ्या पानाची झेरॉक्स पाठवा. ती मला हवी आहे."

कुरियरवाल्याचं दुकान आठला बंद झालं, उद्या शाळेत जाताना टाकीन.

रविवारी पहाटे साडेचारला राणीपूर. येणाऱ्यांनी पाणी आपापलं आणा, वर पोचेपर्यंत कुठे मिळत नाही. दशम्या मी सगळ्यांच्या करून आणते.