स्टाइनबर्ग, जॉन्स आणि ‘वारा येईल तशी पाठ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कलासमीक्षक आणि कला-इतिहासकार लिओ स्टाइनबर्गवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात हे उघड आहे, त्याशिवाय इतक्या नेमक्या जागी बोट ठेवता आलं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या माणसाला अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सची चित्रं आधी आवडली नाहीत, चित्रकाराचं नाव झाल्यावर मात्र त्याने त्यांच्यावर लांबलचक निबंध लिहिला. म्हणजे वारा येईल तशी पाठ. आणि असल्या समीक्षकाला मोठं करण्यासाठी मी त्याच काळातला दुसरा समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग याला खलनायक केलं.

ग्रीनबर्गचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १९४०च्या दशकात अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉकची बाजू घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यात ग्रीनबर्ग पुढे होता. ‘कॅनव्हासच्या सपाटपणापलीकडे त्याला काही दिसलंच नाही’ हे वाक्य मी टाळीसाठी लिहिलं होतं. ते काढलं आहे.

वाऱ्याचं मात्र पटत नाही. जॉन्सचं पहिलं एकल प्रदर्शन जानेवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कला लिओ कास्टेलीच्या गॅलरीत भरलं आणि म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यातली चित्रं लगेच विकत घेतली. वारा पहिल्यापासूनच जॉन्सच्या बाजूला होता. पाठच फिरवायची तर तेव्हाच फिरवता आली असती. स्टाइनबर्गला प्रदर्शन आवडलं नाही, पण ते डोक्यातून जाईना आणि आपण इतके खिन्न का झालो हेही कळेना. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे ती केवळ त्याने स्वतः छापून सांगितली म्हणून. १९६२ साली, आधुनिक कलेपुढे प्रेक्षकाची जी पंचाईत होते तिच्यावरच्या निबंधात. तुम्ही त्याच्याविरुद्ध मांडलेला पुरावा आरोपीनेच आणून दिलेला आहे!

त्याला बोचत काय होतं, ते जास्त महत्त्वाचं. डी कूनिंग आणि क्लाइन या अमूर्त चित्रकारांची चित्रं त्याला तोवर जुन्या चित्रकलेपासून पार तुटलेली वाटत होती. जॉन्सनंतर ती अचानक रेम्ब्रां आणि जॉत्तो यांच्याच पंगतीला जाऊन बसली. जॉन्सचं चित्र वस्तूचा भास न देता स्वतःच वस्तू होऊन बसतं, त्याच्यापुढे सगळेच आभास रंगवणारे ठरले. आपला कालपर्यंतचा ठेवा एका रात्रीत जुना झाला, हे ते दुःख.

मग तो एकेका चित्रापाशी थांबतो. ‘टार्गेट विथ फोर फेसेस’ (१९५५) घ्या. खाली नेमबाजीचं चक्र, वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर मेणात कालवलेल्या रंगाने केलेलं. वर लाकडी कप्प्यांत प्लास्टरचे चार चेहरे, डोळ्यांच्या खाली कापलेले, आणि कप्प्यांना बिजागरीचं झाकण. स्टाइनबर्ग म्हणतो, नेम धरायची वस्तू लांब असायला हवी, ती इथे नाकासमोर आली. माणसाचा चेहरा जवळून पाहायचा, तो वर फळीवर, बिनडोळ्यांचा, दूर गेला. जवळ आणि लांब यांची अदलाबदल. एखाद्याला ही ओढाताण वाटेल. मला वाटत नाही, पण वाद इथे घालू या. ‘आधी आवडलं नव्हतं’ यावर घालण्यात काय अर्थ?

त्याने काहीच धड धरलं नाही, सतराव्या शतकातला वास्तुकार बोरोमिनी इथपासून पिकासोपर्यंत भटकत राहिला, हाही तुमचा आक्षेप. जन्म १९२०चा, मॉस्कोत. वडील लेनिनच्या सरकारात काही महिने न्यायखात्याचे कमिसार, म्हणजे मंत्री. मग बर्लिन, १९३३ साली लंडन, तिथे स्लेड स्कूलमध्ये शिल्पकलेचं शिक्षण, युद्धानंतर न्यूयॉर्क. तिथल्या पार्सन्स या कलाशाळेत तो रेखांकन शिकवायचा आणि पीएच.डी. झाली तेव्हा चाळिशीला आला होता. हात चालवून डोळा तयार झालेला हा माणूस. शतकांच्या कुंपणांची त्याला फारशी पर्वा नव्हती.

आणि एक धागा होताच. तुटपुंज्या पगारात १९६०च्या दशकापासून त्याने स्वस्तातले प्रिंट्स, म्हणजे ठशांवरून छापलेली चित्रं, जमवले. ३,२०० हून जास्त झाले. २००२ साली ते टेक्सास विद्यापीठाच्या ब्लँटन संग्रहालयात गेले. त्यांत दुसऱ्यांच्या चित्रांवरून केलेले पुष्कळ. नक्कल करणारा चित्रात जे बदलतो, तिथे मूळ चित्राने त्याला अडवलेलं असतं, असं स्टाइनबर्गचं म्हणणं. लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’वर त्याने असंच काम केलं. भिंतीत दार मोठं करताना १६५२ साली येशूची पावलं कापली गेली. ती कशी होती हे आज जुन्या नकलांमधूनच कळतं.

राहिला १९८३चा ग्रंथ, ज्याला तुम्ही ‘सनसनाटी’ म्हणता. रेनेसान्सच्या चित्रकारांनी बाळ येशूची नग्नता मुद्दाम दाखवली, देव खरोखर माणूस झाला हे ठसवायला, असा त्याचा दावा. टीका खूप झाली. १९९६च्या आवृत्तीत त्याने टीकाकारांना उत्तरं द्यायला इतकी पानं खर्च केली की ग्रंथ भलताच जाडजूड झाला. त्यापुढे माझं हे उत्तर आखूडच म्हणायचं. ती आवृत्ती मिळाली तर आधी तो मागचा भाग वाचा. तुमचा आक्षेप तिथे माझ्यापेक्षा धारदार शब्दांत मांडलेला सापडेल, बहुधा त्याच्याच हातचा.