सायकल फेरीच्या गावात

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद. दादाचं म्हणणं, हलगा-मच्छे बायपास पुरा होऊ दे, रिंग रोड होऊ दे, बेळगावची कोंडी सुटेल. ट्रक बाहेरून जातील, हे मलाही मान्य. पण गणपत गल्लीत अडकलेल्या गाड्या काही गोव्याला निघालेल्या नसतात. त्या टिळकवाडीच्या, शहापूरच्या, अनगोळच्याच असतात. त्यांच्यासाठी कितीही शिवार दिलं तरी त्या गणपत गल्लीतच येणार. या बायपासच्या पट्ट्यातल्या सुपीक जमिनीसाठी आपले शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात झगडले, हे तरी आपण विसरू नये.

माझी पुतणी आठवीत आहे. येळ्ळूरहून टिळकवाडीच्या शाळेत वहिनी तिला स्कूटीवरून सोडतात. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा एकदा त्यांच्या मागोमाग गेलो. रेल्वे गेट पडलेलं. दोन्ही बाजूंनी अख्खा रस्ता भरलेला, आपली बाजू कुणी ठेवलेलीच नाही. गेट उघडलं तसे सगळे समोरासमोर. त्या गर्दीत एक म्हातारा दुधाचे कॅन लावलेली सायकल हातात धरून गटारीच्या कडेला उभा होता. सगळे जाईपर्यंत तो हलला नाही.

बाबा याच वाटेनं कितीतरी वर्षं सायकलवरून उद्यमबागेत कामाला गेले. हँडलला डबा, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत फाटकात. आज त्यांच्या नातीला सायकलवर पाठवायला आमचा जीव धजत नाही.

मी नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला राहतो. लोकसंख्या बेळगावपेक्षा कमी, पण स्टेशनखालच्या तळात साडेबारा हजार सायकली मावतात. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ते लोकच तसले. आपल्याकडे पावसात कोण चालवणार?" जून ते ऑगस्टचा आपला पाऊस कठीणच, ते मी नाकारत नाही. पण बाकीचे महिने? बेळगावसारखी हवा कुठं मिळते?

आणि ते लोक जन्मतः तसले नव्हते. 1971 साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं. आईबाप रस्त्यावर बसले. 'मुलांच्या हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. त्याच काळात उट्रेक्टनं गावाभोवतीच्या जुन्या खंदकाचा एक भाग बुजवून मोटाररस्ता केला. 2020 मध्ये तो रस्ता काढून पुन्हा पाणी सोडलं. मी रोज त्या काठानं कामावर जातो आणि दर वेळी आपल्या किल्ल्याचा खंदक आठवतो.

रस्त्यावर उतरणं आपल्याला कुणी शिकवायला नको. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधासाठी दर 1 नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत हजारो मराठी माणसं सायकली घेऊन निघतात. मीही लहानपणी बाबांच्या पुढ्यात दांडीवर बसून गेलोय. त्यातल्या निम्म्या माणसांनी जरी शाळेपर्यंतच्या वेगळ्या सायकल-वाटेसाठी महापालिकेच्या दारात ठाण मांडलं तरी चित्र बदलेल, असं मला मनापासून वाटतं. नुसता रंगाचा पट्टा मारून चालणार नाही, त्यावर दुसऱ्या दिवशी गाड्या लागतात. दगडी कठडा हवा, आणि तो घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत सलग हवा.

यंदा नोव्हेंबरला मी येतोय. फेरीत जाणारच. त्याच आठवड्यात पुतणीबरोबर सकाळी सातला येळ्ळूरहून निघायचं ठरलंय, दोन सायकलींवर. कुठं कुठं उतरून सायकल हातात धरावी लागते, ते ती वहीत लिहून घेणार आहे.