‘लावणी कुठनं आणलास?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी तुमची प्रतिक्रिया आधी थोडक्यात देतो. जूनमध्ये मी ‘आमच्या शिवारातली भाताची लावणी’ असं हळवं काहीतरी लिहिलं होतं, सोबत हिरवागार फोटो. कुंद्याचं, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं, कौतुकही एका पोस्टमध्ये केलं होतं. लावणीच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत : “आमचं शेत येळ्ळूरच्या बाजूला. आम्ही धूळवाफेनं पेरतो. लावणी कुठनं आणलास? फोटो कुठला? तुझं मराठी पुण्याचं झालंय, कुंदा फुकटचा दिसतोय, आणि १ नोव्हेंबरला फोटो काळा करायला काय लागतंय?”

उत्तराच्या आधी, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगून टाकतो. फेसबुकच्या पानावर तुमची ही कमेंट मी चार दिवस लपवून ठेवली होती. तुम्हाला पत्ता लागला नसेल, कारण लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, बाकीच्यांना दिसत नाही. पुसून टाकली असती तर तुम्ही निदान भांडायला आला असता. खाली सगळे ‘वा, मातीचा वास आला’ म्हणत होते आणि त्यात तुमचं वाक्य म्हणजे भातात खडा. पाचव्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. माफ करा.

आता लावणी. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला माझं आजोळ आहे, हे खरं. पण आम्ही शहरात, टिळकवाडीत वाढलेली पोरं, आजोळी जायचो ते मे महिन्यात. जून उजाडला की शाळा. म्हणजे पावसातलं शिवार मी रविवारी उभ्या उभ्या बघितलेलं, ते पण रस्त्यावरनं. मेमधलं मात्र नीट बघितलंय. वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेलेले असायचे, ढेकळं फोडून रान भुसभुशीत केलेलं, आणि मामा पेरायच्या कुरीच्या मागं चालायचा. धूळवाफ म्हणजे हीच : कोरड्या मातीत भात पेरायचं आणि मग आभाळाकडं बघत बसायचं. संध्याकाळी मामा घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवर धूळ असायची. तोंड धुताना न्हाणीत तांबडं पाणी वाहायचं.

काका, मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. खरी गोष्ट माझ्याकडं होती आणि मीच ती टाकून दिली. का, तर ‘पावसाळा आणि भात’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायका आणि हिरवी रोपं येतात. धुळीनं माखलेला मामा त्या चित्रात बसत नव्हता. म्हणून मी लोकांना त्यांचंच चित्र परत दिलं आणि वर ‘आमचं’ असा शिक्का मारला. जांबोटी-कणकुंबीकडं खूप पाऊस, तिकडं रोप लावतात. तिकडचं म्हणून लिहिलं असतं तर ठीक होतं. पण मी तिकडं लावणीत कधी गेलेलो नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला होता. तुमच्या कमेंटनंतर तो गुगल लेन्समध्ये टाकून बघितला, तर त्याच फोटोला पाच-सहा वेगवेगळी गावं निघाली. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत त्यात. येळ्ळूरच्या शिवारात उभं राहिलं की राजहंसगड दिसल्याशिवाय राहत नाही, हे मला टाकतानाच सुचायला हवं होतं.

ती पोस्ट मी काढलेली नाही. फोटो काढला, जुनं वाक्य रेघ मारून तसंच ठेवलं आणि वर लिहिलं की हे चूक होतं, एका वाचकानं दाखवलं. फेसबुकवर पोस्ट बदलली तर आधी काय होतं ते कुणालाही उघडून बघता येतं. ब्लॉगवर तशी सोय नाही, तिथं लिहिणारा गुपचूप शहाणा होऊ शकतो. तेवढं मला करायचं नव्हतं. आणि हल्ली एक सवय लावून घेतोय : बघितलेलं असेल तर ‘बघितलं’, ऐकलेलं असेल तर ‘मामा सांगतो’, उचललेलं असेल तर कुठनं ते त्याच वाक्यात. लिखाण जरा अडखळतं. अडखळू दे.

कुंदा फुकटचाच होता. तीन डबे. दुकानदारानं पैसे दिले नाहीत, काय लिही असंही सांगितलं नाही, म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती की ही काही जाहिरात नव्हे. पण जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेची २०२१ पासूनची नियमावली आहे आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये याच विषयावर मार्गदर्शिका काढली. दोन्हींत फुकट मिळालेली वस्तूही धरलेली आहे. मिळाली असेल तर तसं सांगायचं, तेही सुरुवातीला आणि ठळक, शेवटच्या हॅशटॅगांच्या गर्दीत नव्हे. कायदा राहू दे बाजूला. विकत घेतला असता तर ‘साखर जरा पुढं आहे’ एवढं तरी मी नक्की लिहिलं असतं. ते वाक्य डोक्यात आलं होतं आणि डब्यांकडं बघून गिळलं.

भाषेचं मात्र मी सगळं मान्य करणार नाही. घरी मी ‘मी चहा पिलो’, ‘मी काम केलो’ असंच बोलतो. तुम्हीही ‘लावणी आणलास’ म्हणालात, ‘आणलीस’ नाही. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणं बदलतं, ‘नानु केलसा माडिदे’ (मी काम केलो), तसंच आपलंही बदलतं. पिढ्यान्‌पिढ्या शेजार आहे, तो जिभेवर येणारच. पण शाळेत ‘मी काम केलं’ लिहायला शिकवलं आणि तेही आता माझंच आहे. लेख लिहिताना माझा हात आपसूक तिकडं जातो. त्याला पुण्याचं म्हणा, पण ते नाटक नाही.

नाटक कशाला म्हणतात ते मी एकदा करून बघितलंय. मागच्या वर्षी ‘बेळगावी आई’ म्हणून एक रील केला. डोक्यावर टॉवेल घेतला आणि ‘काय करायलाईस रे? जेवलास काय नाही की?’ वगैरे जरा ताणून, हेल काढून बोललो. माझ्या कुठल्याही लेखाला मिळाली नाही एवढी वाहवा मिळाली. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ‘किती गोड भाषा’ लिहिलं. दोन दिवसांनी आईनं भावाच्या फोनवर तो बघितला. हसली नाही. फोन परत दिला आणि म्हणाली, “मी अशी बोलतो व्हय रे?” मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी अगदी पुस्तकातलं बोलली, ‘जेवण झाले का’ असं. ते ऐकवेना. रील त्याच रात्री काढला.

त्यामुळं बोली हवी म्हणून मी ती लेखात पेरणार नाही. मामाच्या तोंडी येईल तेव्हा येईल, जशी आहे तशी. आणि दुसऱ्या एका कमेंटमध्ये तुम्ही ‘कन्नड शब्द कशाला’ म्हणाला होता, त्यावर एवढंच : अक्का, अण्णा काढले तर आपल्या गल्लीत हाक मारायला कोण उरेल? आणि भातावरचं तूप? तो शब्दही कन्नड ‘तुप्प’वरनं आलाय म्हणतात.

१ नोव्हेंबर. इथं माझ्याकडं बचाव नाही. १९५६ साली त्या दिवशी आपला भाग म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि तेव्हापासून घरात हा दिवस काळा म्हणूनच ऐकत आलो. आजोबा त्या दिवशीच्या निषेध फेरीला जायचे. मी गेलेलो नाही. सकाळी चहा पिता पिता प्रोफाइलचा फोटो काळा करायचा आणि रात्री किती जणांनी बघितला ते मोजायचं, एवढाच माझा लढा. यंदा फोटो बदलणार नाही. फेरीत गेलो तर काय बघितलं ते लिहीन, नाही गेलो तर गप्प बसेन. जाईनच असं आज लिहीत नाही, कारण ते लिहूनही आज टाळ्या मिळतील.

एक विनंती आहे. मामा आता थकलाय, त्यानं शेत वाट्यानं दिलंय. पुढच्या मे महिन्यात तुमच्या रानात पेरणीच्या दिवशी येऊ काय? फोटो काढू नको म्हणालात तर काढणार नाही. पत्ता इथं कमेंटमध्ये टाकू नका, मेसेज करा. येताना कुंदा आणतो. विकत घेतलेला.