माल ओला की वाळलेला?

आमच्या शनिवारच्या लेखनवर्गात नुसतं ‘छान’ म्हटलं की दहा रुपये दंड बसतो. त्या दंडातून सगळ्यांचा चहा निघतो, आणि बऱ्यापैकी निघतो. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोलायचं. आधी दोन चांगल्या गोष्टी, मग काय खटकलं, मग ते सुधारायचं कसं. ऐकायला सोपं वाटतं. समोर काका नसतील तर.

काकांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. साठी उलटल्यावर कथा लिहायला लागले. या वेळची कथा महापुरावर, सतरा पानी. नायिका कृष्णेच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर केस विंचरत बसलेली, आणि नायक तिच्याकडे हरिपूरहून पोहत निघालेला. म्हणजे पुराच्या पाण्यात, प्रवाहाच्या उलट. आयर्विन पुलाजवळ पाणी 30 फुटांवर जातं आणि अख्खं शहर बुडतं.

बोलायची पाळी माझी होती. दोन चांगल्या गोष्टी शोधताना मला घाम फुटला.

“अक्षर सुरेख आहे,” मी म्हणाले. “आणि पानांवर नंबर घातलेत, त्यामुळे वाचताना गोंधळ होत नाही.”

काका चष्म्यावरून बघत राहिले. “ताई, हळदीच्या सौद्यात कुणी पोत्याची शिवण लई भारी म्हणतंय काय? माल ओला का वाळलेला, तेवढं बोला की.”

मग बोललेच. नायक उलट्या धारेला पोहतो ते मी एक वेळ सोडून दिलं, प्रेमात माणूस काहीही करतो. पण 30 फूट? इथलं शेंबडं पोरगंही सांगेल, 40 ला इशारा आणि 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं. 30 फुटांना आम्ही भडंगाची पुडी घेऊन पुलावर पाणी बघायला जातो!

वर्गात शांतता पसरली. काकांनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या, पिशवीत घातली. मला भयंकर वाईट वाटलं. चहाही गोड लागेना.

पुढची पाळी माझ्या लेखाची आणि बोलायचं काकांनी. (सरांना असले योग बरोबर जुळवता येतात.) पावसाळी संध्याकाळीवर दीड पान होतं. एकेक वाक्य मी सात-आठदा घासलं होतं. काकांनी ऐकलं, डोळे मिटून.

“हळद चांगलीय,” ते म्हणाले. “पर पॉलिश एवढं मारलंय की वजन घटलंय. पाऊस कुठं पडला, कुणाच्या अंगावर पडला, काय कळंना. जरा माती राहू द्या की कंदाला.”

चांगली गोष्ट, खटकलेली गोष्ट, उपाय. तीन वाक्यांत. मी तीन वर्षं या वर्गाला येते आहे.

घरी जाऊन लेख काढला आणि निम्मी विशेषणं उडवली. पाऊस गणपती पेठेत, भाजीवालीच्या छत्रीवर पाडला. तिची मेथी भिजली, तेव्हा कुठे लेखाला ओल आली.

पुढच्या शनिवारी काका सुधारलेली कथा घेऊन हजर. 30 खोडून ठसठशीत 57 केलेले. बाकी सतराच्या सतरा पानं जशीच्या तशी. पाणी 57 फुटांवर, आणि नायिका अजून घाटाच्या शेवटच्या पायरीवर केस विंचरतेच आहे.

मी पेनाचं टोपण काढलं. काकांनी भडंगाची पिशवी माझ्यापुढे सरकवली. “घरचं हाय. आधी खावा, मग बोला.”

दहा रुपये मी मुकाट्याने डब्यात टाकले.