आउटडोअरला कुठे जायचं?

आमच्या आर्ट कॉलेजच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून उकरून निघतो. या वेळी निमित्त एआयचं. आता स्वतः शिकवत असलेल्या एका मित्राने विचारलं, "मिनिटभरात वाईचा घाट पावसासकट मिळतोय, तर पोरांना उन्हात बसवून लँडस्केप कशाला करून घ्यायचं?" दुसऱ्या बाजूचं उत्तर ठरलेलं: हात तयार होतो, शिवाय आपली परंपरा आहे. एडिंबरामध्ये बसून मी हे वाचतो आणि मला दोन्ही बाजू पटत नाहीत. दोघंही चित्राबद्दल बोलतायत, जागेबद्दल कुणीच नाही.

इथे आल्यावर पहिला हिसका हवेने दिला. पुण्यात एप्रिलमध्ये वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, पसरेपर्यंत वाळायला लागतो, म्हणून भरपूर पाणी घेऊन भराभर काम उरकायची आमची सवय. इथल्या दमट गारठ्यात तोच वॉश वाळायचं नाव घेत नाही. घाईने वर दुसरा रंग टाकला की चिखल. उजेडाचंही तेच. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो. आपल्याकडे संध्याकाळी पडतात तशा लांब सावल्या इथे बारा वाजता, आणि पावणेचारच्या आत सगळा खेळ खलास.

मी बसतो डीन व्हिलेजमध्ये. वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठची ही जुनी पिठाच्या गिरण्यांची वस्ती. भिंती काळ्या दिसतात म्हणून सुरुवातीला पेन्स ग्रे हा निळसर काळपट रंग लावत होतो. त्याच भिंतीसमोर पुन्हा पुन्हा बसल्यावर दिसलं, की पाऊस पडून गेला की दगडात जांभळट तपकिरी चढतो, आणि कडा झिजली आहे तिथे खालचा पिवळा गेरू उघडा पडतो. काळेपणा दगडाचा नाहीच, कोळशाच्या धुराचा. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींनी चित्राचं कौतुक वगैरे केलं नाही. पूर आला तेव्हा पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, ते काठीने दाखवून गेल्या. परक्या गावात नुसतं रेंगाळणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयाने बघतात. मांडीवर बोर्ड असला की त्याला तिथे बसायचं कारण मिळतं.

एकाच जागी असं बसत राहण्याचं स्कॉटलंडमधलं मोठं उदाहरण आहे चित्रकार जोन अर्डलीचं. जन्म 1921 चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. म्हणजे तीही बाहेरचीच. ॲबरडीनच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या कॅटरलाइन या छोट्या गावात तिने घर केलं आणि 1963 मध्ये मरेपर्यंत तिथली शेतं नि लाटा रंगवल्या, वादळातसुद्धा बाहेर उभं राहून. तिच्या काही चित्रांत रंगात खरं गवत चिकटलेलं आहे. आणि आपले आबालाल रहिमान? जे.जे.त शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून तोच तलाव रंगवत राहिले. महाबळेश्वर गाठायची त्यांना गरज पडली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की बंद करायचीच असेल तर ती दोन दिवसांची आउटडोअर ट्रिप बंद करा. बस भरून जायचं, पॉइंटवर रांगेत बसायचं, आणि सगळ्यांच्या कागदावर एकच दरी. हे काम एआयने खुशाल करावं. त्याऐवजी प्रत्येक मुलाला कॉलेजजवळचा एक कोपरा वर्षभरासाठी द्या: टपरी, नाला, बसथांबा, काहीही.

इथे बसायला कुणी हटकत नाही, हे सुख मात्र मोठं आहे. मुंबईत फोर्टमध्ये स्केचबुक उघडलं की शिट्टी वाजते आणि "परमिशन आहे का?" सुरू होतं. ग्रुपवरचा सगळा जोर खरं तर इथे लागायला हवा. वॉचमनला दाखवायला कॉलेजचं एक पत्र मुलांच्या हातात असलं, तरी निम्मं काम होईल.

मित्राचा उलट मेसेज आला: "आणि मार्क कसे देऊ?" प्रश्न रास्त आहे. जूनमधलं पहिलं चित्र आणि मार्चमधलं शेवटचं शेजारी ठेवून दे, असं कळवलंय. त्यावर तो अजून काही बोललेला नाही.